कुमराम भीम : ज्याला दाद मागायला दारच नव्हते

आदिलाबाद : दरवर्षी आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्याकडच्या कोजागिरीला, केरामेरी मंडलातल्या जोडेघाटच्या डोंगरावर गोंड बांधव जमतात. कुमराम भीम यांची पुण्यतिथी असते. २०२२ साली आलेल्या ‘आरआरआर’ सिनेमामुळे भीम यांचे नाव देशभर पोचले, पण त्यातली गोष्ट कल्पनेची आहे. खरा माणूस आपल्या याच मुलखातला. राजुरा आणि किनवट हे भाग १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते, त्यामुळे ही गोष्ट नदीच्या अलीकडची तशी पलीकडचीही आहे.

भीम यांचा जन्म १९०१ चा, आसिफाबादजवळच्या संकेपल्लीचा. तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जंगल राखीव करण्याचे काम जोरात होते. आजवर जिथे गोंड, कोलाम फिरती शेती करत, गुरे चारत, लाकूडफाटा आणत, तिथे आता जंगल खात्याचा गार्ड उभा राहिला. गुरे चारायची तर कर भरा, झाड तोडले तर दंड भरा, नाहीतर हात ओले करा. बाहेरून आलेल्या लोकांच्या नावावर जमिनीचे पट्टे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा गोंड अतिक्रमणदार ठरला. कागद नाही म्हणजे जमीन नाही, असा साधा हिशेब.

भीम यांचे वडील चिन्नू जंगल खात्याच्या माणसांशी झालेल्या झटापटीत मारले गेले, असे समाजात सांगितले जाते. घर सुर्दापूरला हलले. तिथे कसलेल्या जमिनीवर सिद्दिकी नावाच्या माणसाने हक्क सांगितला आणि उभे पीक न्यायला आला. भांडण पेटले, भीम यांच्या हातून तो मेला. पोलीस येणार हे ठरलेलेच होते. आपली बाजू कोणी ऐकून घेईल, वकील मिळेल, कोर्टात उभे राहता येईल, असा विचारही त्या तरुणाच्या मनात येण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांनी गाव सोडले.

ते आले ते आपल्या चांद्याकडे. तिथे विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहून ते लिहावाचायला शिकले, असे सांगतात. पुढे विठोबाला अटक झाली आणि भीम आसामच्या चहामळ्यात मजुरीला गेले. तिथेही मजुरांचे हाल पाहिले, मालकाशी बिनसले आणि काही वर्षांनी ते परत आपल्या डोंगरात आले.

परत आल्यावर बाबेझरी, जोडेघाटच्या बाजूला बारा गावे बसवायची खटपट त्यांनी सुरू केली. जंगल तोडून शेत करायचे, की खात्याची माणसे येऊन झोपड्या जाळायची, पीक उधळायची. भीम यांनी आधी अर्जविनंत्याच केल्या. थेट हैदराबाद गाठून निजामाला भेटायचा प्रयत्नही केला, पण भेट मिळाली नाही, असे सांगतात. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हातात तक्रार द्यायची, अशी ती व्यवस्था होती. तो रस्ता बंद झाल्यावरच त्यांनी हत्यार उचलले. पाणी, जंगल आणि जमीन यांवर आमचा हक्क, ही त्यांची मागणी होती.

१९४० च्या पावसाळ्यानंतर पोलिसांची तुकडी जोडेघाटला चढली. गोळीबारात भीम आणि त्यांचे अनेक साथीदार ठार झाले. बायकापोरांना गोळीबाराची चौकशी मागायलाही कुठे जागा नव्हती.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. बंड का झाले, हे निजाम सरकारला शोधावे लागले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ गोंडांत येऊन राहिले, मारलवाईत त्यांनी मुक्काम ठोकला आणि या लोकांवर अन्याय कसा झाला ते सरकारला लिहून दिले. त्यानंतर हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. जे अर्ज करून मिळाले नाही, ते इतकी माणसे गेल्यावर मिळाले.

आज दार आहे, ते माहीत असले पाहिजे. अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते, अटकेचे कारण सांगावे लागते, डॉक्टरकडून तपासणी करावी लागते. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. घटना आदिलाबादची आणि तुम्ही किनवटला असाल, तरी किनवटचे ठाणे हद्द नाही म्हणून परत पाठवू शकत नाही, त्याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ठाण्याने नोंद घेतलीच नाही, तर एसपींना लेखी कळवा, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जा. कोठडीत मृत्यू झाला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी सक्तीची आहे, आणि अशा मृत्यूबद्दल सरकारने भरपाई द्यावी, हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये निलाबती बेहेरा प्रकरणात ठरवले. पोलीस चकमकीत माणूस मेला तर स्वतंत्र तपास कसा व्हावा, याचे नियम याच कोर्टाने २०१४ मध्ये घालून दिले.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे मराठीतही तक्रार करता येते, फी लागत नाही. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे.

कायदा कागदावर आहे, म्हणजे वागणूक सुधारली असे नव्हे. भीम गेल्यावर चाळीस वर्षांनी, २० एप्रिल १९८१ ला, याच जिल्ह्यात इंद्रवेल्लीला जमिनीचा प्रश्न घेऊन जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त गेले असे लोक सांगतात.

२०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि आसिफाबाद जिल्ह्याला भीम यांचे नाव मिळाले. नाव पाटीवर आले, चांगलेच झाले. पण ठाण्यात गेलेल्या गोंड म्हाताऱ्याला खुर्ची देऊन, त्याची तक्रार त्याच दिवशी लिहून घेऊन, एक प्रत त्याच्या हातात दिली, तर ते नाव खरे शोभेल. आणि प्रत मागायचीच, ती फुकट मिळते, एवढे तरी आपण पक्के लक्षात ठेवू या.