टिंगलीला उत्तर देताना : अनागारिक धम्मपालांचे तीन धडे

एखाद्या चित्रपटात भन्तेंच्या चीवराची टर उडवली जाते. एखाद्या कॉमेडी शोमध्ये आपली बोली बोलणारे, आपल्यासारखे अभिवादन करणारे पात्र फक्त हशा मिळवण्यासाठी उभे केले जाते. तासाभरात ती क्लिप वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलवर पोहोचते आणि मग ठरलेला क्रम सुरू होतो: निवेदन, गुन्हा दाखल करण्याची मागणी, माफीचा व्हिडिओ आणि समोरच्यांच्या देवावर केलेली तितकीच घाणेरडी टिंगल. आम्ही युवकांसोबत काम करतो. काय करायचे, असे मुले विचारतात तेव्हा आम्ही त्यांना एका माणसाचे आयुष्य सांगतो.

अनागारिक धम्मपालांचे नाव आपल्याकडे महाबोधी महाविहाराच्या मुक्तीशी जोडले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्या लढ्याच्या आधी एक शाळकरी मुलगा होता, ज्याच्या श्रद्धेची वर्गात टिंगल व्हायची.

१७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबोत जन्मलेल्या या मुलाचे नाव डॉन डेव्हिड हेवावितारणे. वडील डॉन कॅरोलिस हे फर्निचरचे मोठे व्यापारी, घर पक्के बौद्ध, पण नावे युरोपी. ब्रिटिश सिलोनमध्ये बऱ्या घरातली बौद्ध कुटुंबेही अशी नावे ठेवत, कारण शाळा आणि सरकारी नोकरी यांचा रस्ता मिशनच्या दारातून जाई. त्या शाळांत बुद्धाची मूर्ती म्हणजे मातीचा गोळा आणि तिच्यापुढे फुले वाहणारे अडाणी, असे शिकवले जाई. बाजारात मिशनरी तेच बोलत आणि छापील पत्रके वाटत. छापखाने त्यांचे, शाळा त्यांच्या, सरकारही त्यांच्या धर्माचे.

डेव्हिडने बायबल अक्षरशः पाठ केले. कोट्टे येथील मिशनच्या वसतिगृहात असताना दारू पिणारा आणि रविवारी चिमण्यापाखरांवर बंदूक चालवणारा शिक्षक त्याने पाहिला. घरी पाणातिपाता वेरमणी शिकलेल्या मुलाला तो धक्का होता. त्याच शाळेत त्याने एकदा माकडाचे चित्र काढले आणि खाली येशूचे नाव लिहिले. त्याला छडीचा मार मिळाला.

हा प्रसंग धम्मपालांच्या भक्तांना अवघड वाटतो, म्हणून तो सहसा सांगितला जात नाही. आम्ही मुद्दाम सांगतो. ज्याच्या हातात छापखाना नाही, शाळा नाही, सरकार नाही, त्या मुलाच्या हातात एक पेन्सिल होती. आज मोबाईलवर मीम बनवणारा वस्तीतला मुलगा तेच करतो. त्याचा राग समजून घ्यायलाच हवा. पण त्या चित्राने एकाही बौद्ध मुलाची टिंगल थांबली नाही, हेही त्याला सांगायला हवे.

पुढे सेंट थॉमस शाळेत त्याने वेगळी वाट धरली. वैशाख पौर्णिमेला त्याने सुट्टी मागितली. मुख्याध्यापकांनी ती नाकारली, कारण तो सरकारमान्य सण नव्हता. मुलाने पुस्तके उचलली, छत्री घेतली आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी छड्या बसल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. इथे कोणाच्या श्रद्धेला हात लावलेला नाही. आपला दिवस आपण पाळायचा आणि त्याची किंमत मोजायची, एवढेच.

शाळेच्या वाटेवर कोटाहेना भागात दीपदुत्तमाराम हा विहार होता. तिथे मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरो राहत. मिशनऱ्यांच्या पत्रकांना उत्तर देण्यासाठी भिक्खूंच्या बाजूने छापखाना उभा करणारे हेच. १८७३ च्या ऑगस्टमध्ये पानदुरा येथे ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी त्यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला. हजारो लोक जमले होते. त्या काळी असा वाद म्हणजे जत्राच असे. समोरचे डेव्हिड डी सिल्वा पाली-संस्कृतचे दाखले देत राहिले आणि गुणानंद गावच्या माणसाला कळेल अशा सिंहलीत बोलत राहिले. मैदान गुणानंदांनी मारले. या वादाचा इंग्रजी वृत्तांत अमेरिकेत छापला गेला. तो वाचून प्रभावित झालेले कर्नल ऑल्कॉट १८८० मध्ये मॅडम ब्लॅव्हॅट्स्कींसह सिलोनला आले आणि त्यांनी गॉल येथे पंचशील ग्रहण केले.

गुणानंदांची जीभ मात्र तिखट होती. समोरच्यांच्या धर्मग्रंथाची खिल्ली उडवण्यात तेही कमी नव्हते. त्याची सावली १८८३ मध्ये पडली. २५ मार्चला, ईस्टरच्या रविवारी, त्यांच्या विहाराकडे बौद्धांची मिरवणूक निघाली. कॅथलिक वस्तीत अफवा पसरली की मिरवणुकीत क्रुसावर टांगलेले माकड आहे आणि मेरीमातेची विटंबना करणारा पुतळा आहे. जमावाने मिरवणुकीवर हल्ला केला. एका बौद्धाचा जीव गेला, अनेक जखमी झाले. असे काही मिरवणुकीत असल्याचे सिद्ध झाले नाही. हल्लेखोरांनाही शिक्षा झाली नाही.

माकडाचे ते चित्र काढणारा मुलगा तेव्हा अठरा वर्षांचा होता. दंगलीनंतर वडिलांनी त्याला ख्रिस्ती शाळेतून काढून घेतले.

यानंतर सिलोनच्या बौद्धांनी काय केले, हे आम्हाला या साऱ्या कथेत सर्वात मोलाचे वाटते. सूड म्हणून चर्चवर चाल झाली नाही. १८८४ मध्ये ऑल्कॉट बौद्धांच्या तक्रारी घेऊन थेट लंडनला वसाहत खात्याकडे गेले. १८८५ मध्ये वैशाख पौर्णिमेची सुट्टी सरकारी झाली. ज्या दिवसासाठी एक मुलगा तीन वर्षे छड्या खात होता, तो दिवस साऱ्या बेटाचा झाला. आणि त्याच वैशाखीला, २८ एप्रिल १८८५ रोजी, दीपदुत्तमाराम विहारावर निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि केशरी अशा रंगांचा नवा ध्वज गुणानंद थेरोंच्या हस्ते फडकला. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक बुद्धविहारावर, प्रत्येक जयंतीच्या मिरवणुकीत आपण जो पंचशील ध्वज लावतो, तो हाच.

सरकारी कारकुनी सोडून तरुण हेवावितारणे १८८६ पासून या कामात पूर्णवेळ उतरले. बैलगाडीतून गावोगाव फिरायचे, ऑल्कॉट बोलत त्याचे सिंहलीत भाषांतर करायचे आणि बौद्ध शाळांसाठी पैसे गोळा करायचे. डेव्हिड हे नाव गेले, धम्मपाल हे नाव आले. चित्र काढणाऱ्या हातांनी शाळा बांधायला घेतल्या. एवढा पल्ला गाठायला आठ-दहा वर्षे लागली, हे घाईच्या दिवसांत लक्षात ठेवावे.

२२ जानेवारी १८९१ रोजी ते बुद्धगयेला पोहोचले. महाविहार शैव महंताच्या ताब्यात होता. तथागतांच्या मूर्तींना गंध लावलेले, वस्त्रे नेसवलेली. ही अवहेलना मिशनऱ्यांच्या पत्रकापेक्षा खोल होती, कारण तिला कोणी अवहेलना म्हणतच नव्हते. त्याच वर्षी ३१ मे रोजी त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली, १८९२ मध्ये महाबोधी हे नियतकालिक काढले आणि १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत थेरवादाचे प्रतिनिधी म्हणून ते उभे राहिले. २५ फेब्रुवारी १८९५ रोजी जपानहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी महाविहाराच्या वरच्या मजल्यावर बसवली. महंताच्या माणसांनी ती उचलून बाहेर नेली. धम्मपालांनी हात उगारला नाही, ते कोर्टात गेले. गयेच्या मॅजिस्ट्रेटने आरोपींना दोषी ठरवले, कलकत्ता हायकोर्टाने तो निकाल फिरवला. तरीही त्या खटल्यामुळे महाविहार कोणाचा, हा प्रश्न जगभरच्या वर्तमानपत्रांत गेला.

टिंगल कशाला म्हणायचे, हे सगळीकडे सारखे नसते. धम्मपालांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, हिमांशु राय यांनी गौतमाची भूमिका केलेला प्रेम संन्यास हा मूकपट आला. तो बुद्धाची थट्टा करणारा मुळीच नव्हता. तरीही सिलोनमध्ये त्यावर बंदी आली, कारण नटाने बुद्ध साकारणे तिथल्या उपासकांना सहन होणारे नव्हते. आपल्याकडे मात्र बुद्ध जयंतीच्या रथावर चौथीतला मुलगा सिद्धार्थ होऊन बसतो आणि आजी त्याच्या पायांवर फुले वाहते. भावना दुखावल्या असे म्हणण्याआधी आम्ही युवकांना विचारतो, समोरच्याने टिंगल केली आहे की फक्त आपल्या सवयीबाहेरचे काही दाखवले आहे?

आता अवघड भाग. १९०६ मध्ये धम्मपालांनी सिंहल बौद्धया हे वृत्तपत्र सुरू केले. दारूबंदी, स्वदेशी, स्वाभिमान यांवर त्यांनी जोरदार लिहिले. पण त्याच लेखणीतून मुस्लिम व्यापाऱ्यांबद्दल, परक्यांबद्दल अतिशय तुच्छतेची भाषाही उतरली. लहानपणी ज्या हिणवण्याने ते पोळले, तेच हिणवणे आता त्यांच्या हातून, छापखान्याच्या बळावर होत होते. १९१५ मध्ये सिलोनमध्ये मुस्लिमांवर हल्ले झाले, त्यांची दुकाने लुटली गेली. त्या दंगलीला आर्थिक आणि राजकीय कारणे अनेक होती, तिचे खापर एकट्या धम्मपालांवर फोडणे अन्याय ठरेल. पण त्यांच्या शब्दांचा त्या हवेत काहीच वाटा नव्हता, असे आम्ही म्हणू शकत नाही. ब्रिटिशांनी दडपशाही केली, वृत्तपत्र बंद झाले, धम्मपालांना कलकत्त्यात स्थानबद्ध ठेवले गेले. त्यांचे धाकटे भाऊ एडमंड तुरुंगात आजारी पडून वारले. घरानेही किंमत मोजली आणि मुस्लिम शेजाऱ्यांनीही. श्रीलंकेत बौद्ध म्हणवणाऱ्या संघटनांनी पुढे मुस्लिमांविरुद्ध जे केले, त्यात धम्मपालांचे नाव वापरले गेले आहे. हे आपण महाराष्ट्रातल्या बौद्धांनी डोळे उघडे ठेवून वाचायला हवे, कारण बहुसंख्याकांच्या हातातला धर्म काय करू शकतो, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्या टोकाने भोगले आहे.

शेवटची वर्षे सारनाथला गेली. १९३१ मध्ये मूलगंधकुटी विहार उभा राहिला. जन्मभर अनागारिक राहिलेल्या धम्मपालांनी अखेरच्या काळात चीवर घेतले आणि २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथलाच त्यांचे निधन झाले.

त्यांनी काढलेले महाबोधी नियतकालिक पुढेही चालू राहिले. १९५० च्या वैशाख अंकात त्यात बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावर एक लेख आला. लेखक होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच वर्षी बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला जाऊन आले.