जनुकांची अंतरे मोजणारा गणिती

तारापूर म्हटले की डॉ. होमी भाभा यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. बोईसरनजीकच्या या किनाऱ्यावर १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तथापि भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका गणितज्ञाने अणुविजेच्या खर्चाचा हिशेब मागितला होता, याची आठवण फारशी उरलेली नाही. ते गणितज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबींचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला. बौद्ध विद्येचे थोर पंडित धर्मानंद हे त्यांचे वडील. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते मायदेशी परतले आणि बनारस व अलीगढ येथील अध्यापनानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे असतानाच, १९४४ मध्ये, जनुकांच्या मांडणीविषयीचा त्यांचा एक छोटा निबंध इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला.

रंगसूत्रावर जनुके ओळीने बसलेली असतात. दोन जनुकांची फारकत किती वेळा होते, हे संततीत मोजून त्यांच्यातील अंतराचा अंदाज बांधता येतो. परंतु मधल्या भागात दोनदा अदलाबदल झाली, तर ती या मोजणीतून निसटते. हाल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. वस्तुतः एक अदलाबदल जवळच्या दुसरीला अडवते. कोसंबींनी हा अडथळा हिशेबात धरला. फारकत २० टक्के आढळल्यास हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ एकके येते, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे २१.२. पिकांचे जनुकीय नकाशे संगणकावर आखताना हे सूत्र आजही वापरले जाते.

जीवाणूंना ही मोजणी लागू पडत नाही. मात्र शेजारची जनुके एकाच नियंत्रणाखाली गटाने काम करतात, हे झाकॉब व मोनो यांनी १९६१ मध्ये दाखविले आणि १९९५ मध्ये एका जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला. आता जनुकांतील अंतर व त्यांची दिशा पाहून संगणक असे गट ओळखतो. येथील गणित निराळे आहे. पण मोजलेल्या अंतरावरून न दिसणाऱ्या रचनेचे अनुमान करण्याची रीत तीच होय.

कोसंबींनी ही रीत इतरत्रही नेली. प्राचीन नाणी हाताळून किती झिजली, हे तोलून त्यांनी त्यांचा कालक्रम लावला. इतिहासलेखनातही प्रत्यक्ष पुराव्याचा हाच आग्रह त्यांनी धरला. भारतासारख्या गरीब व उन्हाने संपन्न देशाने महागड्या अणुभट्ट्यांऐवजी खेडोपाडी वापरता येणारी सौरशक्ती विकसित करावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे सर्वच हिशेब बरोबर ठरले असे नव्हे. रीमान यांच्या सुप्रसिद्ध गणिती प्रश्नाविषयीचा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्यांच्या नावलौकिकाला धक्का बसला. संस्थेशीही मतभेद वाढले होते. १९६२ मध्ये त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही.

१९६६ च्या जानेवारीत भाभा विमान अपघातात गेले आणि २९ जूनला पुण्यात कोसंबींचे निधन झाले. तारापूरची वीज दोघांनीही पाहिली नाही. त्यानंतर देशात अणुभट्ट्याही वाढल्या आणि सौरवीजही आली. सार्वजनिक पैशाने उभ्या राहणाऱ्या कोणत्याही योजनेला आकडे विचारण्याचा अधिकार मात्र विद्वानाला आणि सामान्य नागरिकाला सारखाच आहे. तो बजावताना कोसंबींनी आपल्या पदाची तमा बाळगली नाही.