सर दोराबजी टाटा आणि अनवाणी धावपटू

पौषातील पहाटेचा गारठा अंगास झोंबू लागला म्हणजे आमच्या उस्मानपुऱ्यातील मुलांस रस्त्यावरच्या मैलभर शर्यतीसाठी अंथरुणातून उठणे हेच निम्मे काम वाटते. अंतर थोडे, त्यामुळे अंग नीट तापण्यापूर्वीच शर्यत संपावयास येते. पोटऱ्या आखडतात, थंड वाऱ्याने घसा कोरडा पडतो, आणि मागे राहिलेल्या मुलाच्या मनात येते की आपले धावणे कोणाच्या खिजगणतीतही नाही. अशा मुलांस व त्यांच्या पालकांस आज आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र सांगणार आहोत, त्याचा एक मोठा गुण असा की, ज्यांच्या धावण्याची कोणी गणना करीत नसे त्यांच्याकडे त्याने आदराने पाहिले.

दोराबजी टाटा यांचा जन्म मुंबईस २७ ऑगस्ट १८५९ रोजी झाला. सुप्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव. मुंबईत प्राथमिक शिक्षण झाल्यावर वडिलांनी त्यांस इंग्लंडास पाठविले. १८७७ साली ते केंब्रिज येथील गॉन्व्हिल अँड कीज कॉलेजात दाखल झाले. तेथे दोन वर्षे असता क्रिकेट व फुटबॉल या खेळांत त्यांनी नाव मिळविले. नौका वल्हविण्यात ते तरबेज होते, आणि थोड्या अंतराच्या धावण्याच्या कित्येक शर्यतीही त्यांनी जिंकल्या. स्वदेशी परतल्यावर जेझुइट मिशनऱ्यांनी चालविलेल्या मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातून १८८२ साली ते बी. ए. झाले. पुढे मुंबईतील शाळांमध्ये क्रिकेटचे व मैदानी खेळांचे सामने भरविण्यासाठी शाळांची एक क्रीडासंस्था उभारण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. आपणांस जे लाभले ते येथील मुलांसही लाभावे, अशी त्यांची तळमळ होती.

१९०४ साली जमशेटजी वारले व त्यांचे अपुरे राहिलेले मोठे बेत दोराबजींच्या शिरावर आले. लोखंडाच्या शोधार्थ ते चांदा जिल्ह्यातील रानावनांतून हिंडले होतेच. १९०७ साली टाटा पोलाद कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली साकची येथे पोलाद निघू लागले. १९१० साली सरकारने त्यांस सर ही पदवी दिली. परंतु त्यांचे हे कार्य आमच्या वाचकांस बहुधा ठाऊक असल्यामुळे त्याचा विस्तार येथे करीत नाही.

१९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे होते. त्या वर्षीच्या सामन्यांत लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील तरुण होते. त्यांच्या पायांत बूट नव्हते, त्यांस कोणी शिक्षक नव्हता, आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचे नियमही त्यांस माहीत नव्हते. पाहणाऱ्यास प्रथम उणिवाच दिसाव्यात असे ते दृश्य होते. दोराबजींनी मात्र त्यांच्या धावण्यास लागलेला वेळ पाहिला. युरोपातील सराईत खेळाडूंच्या वेळांशी त्यातील काही वेळा तोलून पाहता त्या फारशा उण्या नव्हत्या. मग उणे काय होते? उणी होती ती केवळ संधी, आणि संधी देणे आपल्या हाती आहे हे त्यांनी ओळखले.

पुढच्याच वर्षी बेल्जम देशातील अँटवर्प शहरी ऑलिंपिक सामने भरावयाचे होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या साहाय्याने दोराबजींनी हिंदुस्थानास त्यात प्रवेश मिळवून दिला आणि खर्चाचा काही भारही स्वतः उचलला. चार धावपटू व दोन मल्ल असे सहा जण निवडले गेले. २२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉन शर्यत झाली. हवा थंड व पावसाळी, रस्ते ओले, आणि अंतर ४२.७५ किलोमीटर! ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचा हान्नेस कोलेमाइनेन पहिला आला. आपला सदाशिव दातार अखेरपर्यंत पोहोचू शकला नाही. परंतु बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले याने २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पुरी केली व एकोणिसावा क्रमांक मिळविला. पदक मिळाले नाही. तथापि दोराबजींनी त्या प्रयत्नास अपयश मानले नाही. १९२४ साली पॅरिसच्या सामन्यांसही हिंदी खेळाडू गेले, आणि १९२७ साली स्थापन झालेल्या इंडियन ऑलिंपिक असोसिएशनचे पहिले अध्यक्षपद दोराबजींकडेच आले.

स्वतःवर प्रसंग आला तेव्हाही ते मध्येच थांबले नाहीत. १९२४ साली पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतास आली असता त्यांनी आपली सारी खासगी मालमत्ता व पत्नी मेहेरबाई यांचे दागिने गहाण टाकून तिला तारिले. १९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. दोघांस अपत्य नव्हते. दोराबजींनी आपली संपत्ती लोककार्यार्थ विश्वस्तांच्या स्वाधीन केली. पत्नीच्या प्रथम स्मृतिदिनी इंग्लंडातील तिच्या समाधीस जावे म्हणून ते निघाले, पण वाटेतच जर्मनीत ३ जून १९३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले ते याच दानाचे एक फळ होय.

संत पौलाने श्रद्धावंताच्या आयुष्यास शर्यतीची उपमा दिली आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. या चरित्रातून त्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांस वाटते. थंडीत धावावयाचे तर आधी थोडे चालून, हळूहळू पळून अंग तापवावे, आणि एकदा निघाल्यावर क्रमांक कोणताही येवो, शेवटच्या रेषेपर्यंत जावे. चौगुले एकोणिसावा आला म्हणूनच आज त्याचे नाव आपण घेतो. दुसरी गोष्ट पालकांसाठीही आहे. रस्त्याच्या कडेस उभे राहून शर्यत पाहताना पहिल्या मुलासाठी टाळ्या सारेच वाजवितात. मागून येणाऱ्या एखाद्या मुलाच्या पायांत बूट नसतील. तो किती मागे आहे हे न पाहता, तो कोठून निघाला व कसा धावतो आहे हे पाहणारा एखादा दोराबजी त्याच्या वाट्यास यावा. आणि तो आपल्यापैकीच कोणी असावा, इतकीच आमची इच्छा आहे.