छापखानेवाला बेंजामिन फ्रँक्लिन

विजेच्या शोधांची किंवा अमेरिकेच्या स्वातंत्र्याची गोष्ट निघाली म्हणजे बेंजामिन फ्रँक्लिन याचें नांव येतेंच. तें आमच्या बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलें असेल. आज आम्ही त्याच्या दुकानाची हकीकत सांगणार आहों. धंद्यांत ठेंच लागून जें शहाणपण येतें तें पुष्कळ व्यापारी गांठीस बांधून ठेवितात. फ्रँक्लिनानें तें बरोबरीच्या लोकांस व मागून येणाऱ्या तरुणांस मोकळेपणें सांगितलें, आणि सांगतांना आपल्या बहुतेक चुकाहि उघड केल्या.

त्याचा जन्म इ. स. १७०६ त बोस्टन शहरीं झाला. बाप मेणबत्त्या व साबण करून विकी. त्याला एकंदर सतरा मुलें, तेव्हां बेंजामिनास शाळा दोनच वर्षें लाभली. बाराव्या वर्षीं तो वडील भाऊ जेम्स याच्या छापखान्यांत उमेदवार राहिला. भावाचा मार सहन न होऊन सतराव्या वर्षीं तो पळाला, व फिलाडेल्फियास जाऊन दुसऱ्याच्या छापखान्यांत खिळे जुळवूं लागला.

या काळांत त्याच्या हातून एक मोठी चूक घडली. व्हर्नन नांवाच्या गृहस्थाचें सुमारें ३५ पौंडांचें येणें वसूल करून तें मागेपर्यंत जवळ ठेवण्याचें काम त्यानें पतकरिलें होतें. त्यानें रक्कम वसूल केली, परंतु दारूच्या नादीं लागलेल्या एका मित्रास त्यांतूनच उसने देत गेला, आणि ते पैसे बुडाले. व्हर्नन केव्हां मागेल या धास्तींत त्याचीं कित्येक वर्षें गेलीं. अखेरीस मागणी आली तेव्हां त्यानें मुदत मागून घेतली व पुढें मुद्दल व्याजासुद्धां फेडलें.

१७२४ सालीं तेथील गव्हर्नर कीथ यानें त्यास स्वतंत्र छापखाना काढून देण्याचें वचन दिलें, व यंत्र आणि खिळे आणण्याकरितां लंडनास धाडलें. त्यासाठीं लागणारीं पतपत्रें जहाजावर पोंचतील असें सांगितलें होतें. जहाज इंग्लंडाजवळ आलें, टपालाची थैली उघडली, आणि त्याच्या नांवाचें एकहि पतपत्र निघालें नाहीं. त्याच जहाजांत डेनम नांवाचा व्यापारी होता. कीथाला स्वतःचीच पत नाहीं, तो दुसऱ्यास काय देणार, हें त्यानें मुलास समजाविलें, व लंडनच्या छापखान्यांत नोकरी धरून हात तयार करण्याची सल्ला दिली.

या डेनमाची गोष्ट सांगितल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. पूर्वीं ब्रिस्टल येथें त्याचें दिवाळें निघालें होतें. सावकारांनीं थोडकें घेऊन त्यास मोकळें केलें व तो अमेरिकेस गेला. तेथें कष्टानें पैसा मिळवून तो आतां परत आला होता. त्यानें जुन्या सर्व सावकारांस जेवावयास बोलाविलें, व त्यांनीं दाखविलेल्या सवलतीबद्दल त्यांचे आभार मानिले. पहिलीं ताटें उचललीं तों प्रत्येकाच्या ताटाखालीं उरलेल्या साऱ्या रकमेची, व्याजासह, हुंडी निघाली! कायद्यानें त्याजकडे कोणाचें कांहीं येणें उरलें नव्हतें. अशा माणसाच्या हाताखालीं १७२६ त फ्रँक्लिन कारकून म्हणून फिलाडेल्फियास परतला, आणि जमाखर्च व विक्री शिकला. थोड्याच काळानें डेनम वारला व फ्रँक्लिन पुन्हां छापखान्यांत आला.

१७२७ त त्यानें सोबत्यांची एक मंडळी स्थापिली. तिचें नांव जुंटो. दर शुक्रवारीं सायंकाळीं सभासद जमत. त्यांत छापणारे, कांचा बसविणारा, चांभार, सुतार, व्यापाऱ्याचा कारकून असे हातानें पोट भरणारे लोक पुष्कळ होते. गांवांत कोणाचा धंदा बुडाला व कशानें, कोणाची भरभराट झाली व कोणत्या उपायानें, एखादा होतकरू तरुण नवें दुकान मांडीत आहे काय, हे प्रश्न तेथें ठरलेले असत. शेजाऱ्याच्या दिवाळ्याची चर्चा चावडीवर आम्हीहि ऐकिली आहे, पण ती बहुधा शिकण्याकरितां नसते.

या मंडळीचें फळ त्यास स्वतःसच मिळालें. १७२८ त त्यानें मेरेडिथ नांवाच्या सोबत्याच्या भागींत छापखाना काढिला. भांडवल देणारा मेरेडिथाचा बाप निम्म्यावर थांबला, सावकारानें फिर्याद केली, आणि यंत्र जप्त होण्याची वेळ आली. तेव्हां कोलमन व ग्रेस हे जुंटोंतील दोघे मित्र, एकमेकांस न कळवितां, निरनिराळे येऊन लागेल तें द्यावयास तयार झाले. कोणालाहि वाईट वाटूं नये म्हणून त्यानें दोघांकडून अर्धें अर्धें घेतलें. १७३० त मेरेडिथ भागींतून निघाला.

पुढें फ्रँक्लिनानें आपल्या हाताखालच्या हुशार कामगारांस निरनिराळ्या शहरीं छापखाने काढून दिले. यंत्र व खिळे त्याचे, खर्चाचा तिसरा हिस्सा त्याचा, नफ्याचा तिसरा हिस्सा त्याचा. मुदत सहा वर्षें. मुदत भरल्यावर बहुतेकांनीं खिळे विकत घेऊन स्वतःचें दुकान केलें. कोणीं काय करावयाचें व कोणास काय मिळावयाचें हें सारें आरंभींच करारांत लिहिलें असल्यामुळें भांडणें झालीं नाहींत, असें तो सांगे. दोघे शेजारी भागींत बैलजोडी घेतात तेव्हां कागद करणें म्हणजे अविश्वास दाखविणें, असें पुष्कळांस वाटतें. फ्रँक्लिनाचा अनुभव उलट होता.

असा पहिला छापखाना १७३१ त दक्षिण कॅरोलिनांतील चार्ल्सटन येथें निघाला. तेथील पहिला भागीदार लवकरच मेला. त्याच्या जागीं लुई टिमोथी गेला. तो विद्वान व प्रामाणिक होता, पण त्याला हिशेब येत नसे. पैसे कधीं येत, पण पुरता जमाखर्च कधींच आला नाहीं. १७३८ त तोहि मेला, व विधवा एलिझाबेथ लेंकरांसह मागें राहिली. ती हॉलंडांत वाढलेली. तेथें मुलींस जमाखर्च शिकवीत. तिनें नवऱ्याच्या मागच्या व्यवहाराचा जेवढा लागला तेवढा हिशेब लावून पाठविला, आणि त्यापुढें दर तिमाहीस चोख हिशेब येऊं लागला. तिनें वर्तमानपत्र चालविलें, मुलें नीट वाढविलीं, आणि मुदत संपतांच छापखाना विकत घेऊन मुलाच्या स्वाधीन केला. गाण्यानाचण्यापेक्षां मुलींस हिशेब शिकवा, वैधव्य आलें तर कपटी लोकांच्या हातीं सांपडणार नाहींत, हें फ्रँक्लिनानें पुढें आत्मचरित्रांत लिहिलें.

फिलाडेल्फियांतील प्रतिस्पर्धी ब्रॅडफर्ड हा पोस्टमास्तर होता. त्यानें टपालवाल्यांस फ्रँक्लिनाचें पत्र नेण्याची बंदी केली होती, म्हणून फ्रँक्लिन त्यांस चोरून लांच देई. पुढें हिशेबांत हयगय केल्यामुळें ब्रॅडफर्डाची जागा गेली व १७३७ त ती फ्रँक्लिनास मिळाली. त्यानें मात्र प्रतिस्पर्ध्यास तशी बंदी केली नाहीं.

१७४८ त, बेचाळिसाव्या वर्षीं, हॉल नांवाच्या कामगारास भागीदार करून त्यानें छापखाना त्याच्यावर सोंपविला. त्याच सालीं तरुण दुकानदारास उपदेशाचें त्याचें पत्र छापून निघालें. १७५८ च्या पंचांगांत त्यानें एक म्हातारा उभा केला. तो लिलावास जमलेल्या लोकांस काटकसरीचा उपदेश करितो. लोक माना डोलवितात, आणि लिलाव सुरू होतांच वाटेल त्या भावानें माल घेतात, जणूं नेहमींचेंच प्रवचन ऐकिलें! आम्हां पाळकांस हा टोला बरोबर लागतो.

एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नव्हे. त्याच्या वर्तमानपत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून येत, व त्याच्या घरींहि गुलाम होते. आत्मचरित्रांत त्यानें आपल्या चुका मोजिल्या, त्यांत ही नाहीं. म्हातारपणीं मात्र तो बदलला. १७८७ त तो गुलामगिरी नाहींशी करणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या सभेचा अध्यक्ष झाला, आणि मृत्यूच्या दोनच महिने आधीं त्यानें कायदेमंडळाकडे त्याविषयीं अर्ज पाठविला.

तो १७ एप्रिल १७९० रोजीं वारला. मृत्युपत्रानें त्यानें बोस्टन व फिलाडेल्फिया या दोन शहरांस प्रत्येकीं एक हजार पौंड दिले. उमेदवारी पुरी केलेल्या, विवाहित, पंचवीस वर्षांच्या आंतील कारागिरांस त्यांतून १५ पासून ६० पौंडांपर्यंत कर्ज द्यावें, व्याज शेंकडा पांच, मुद्दल दरसाल दहावा हिस्सा, आणि निधि दोनशें वर्षें चालावा, अशी योजना होती. आपला धंदा तरुणपणीं मित्रांच्या उसन्या पैशानें उभा राहिला, हें कारण त्यानें तेथेंच लिहून ठेविलें. कांहींचीं कर्जें बुडालीं, पुढें उमेदवारीची चालच मोडली, आणि कर्ज मागणारे उरले नाहींत. निधि त्याच्या गणिताइतका वाढला नाहीं. तरी १९९० त मुदत भरली तेव्हां बोस्टनच्या निधींत सुमारें ५० लक्ष व फिलाडेल्फियाच्या निधींत सुमारें २० लक्ष डॉलर होते. कर्ज मागणाऱ्या तरुणानें दोन जामीन आणावे, अशी अट त्यानें घातली होती.