झाँ रेन्वार आणि त्याचा धिक्कारलेला बोलपट

चित्रपट पाहून घरीं परतल्यावर एकाच कुटुंबांत दोन तट पडावे, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाहीं. जो बोलपट वडील मंडळींस कंटाळवाणा वाटला, त्याचीच दुसरे दिवशीं वर्तमानपत्रांत स्तुति छापून येते. ज्यावर प्रेक्षकांच्या उड्या पडतात, त्याची टीकाकार हेटाळणी करितात. असें कां व्हावें, याचा विचार करूं लागलों म्हणजे आम्हांस फ्रेंच दिग्दर्शक झाँ रेन्वार याचें चरित्र आठवतें.

झाँचा जन्म 15 सप्टेंबर 1894 रोजीं पॅरिस येथें झाला. विख्यात चित्रकार ऑग्युस्त रेन्वार हा त्याचा पिता. ज्या गाब्रियेलनें त्याला अंगाखांद्यावर खेळविलें, तिनेंच त्याला बाहुल्यांच्या खेळाची गोडी लाविली. पहिल्या महायुद्धांत 1915 सालीं त्याच्या पायास जबर जखम झाली व तो जन्मभर लंगडत चालला. त्या आजारपणाच्या दिवसांत त्यास चॅप्लिनच्या मूकपटांचा नाद लागला. पुढें स्वतः चित्रपट काढूं लागल्यावर खर्च भागविण्यासाठीं त्यानें वडिलांनीं काढलेलीं चित्रें विकलीं. कोणत्याहि मुलास हें सुखाचें नव्हे! 1937 सालीं युद्धकैद्यांच्या जीवनावरील ‘मोठा भ्रम’ या बोलपटानें त्यास अपार लोकप्रियता मिळवून दिली.

त्या यशाच्या बळावर मित्रांसह स्वतःची कंपनी स्थापून त्यानें 1939 सालीं ‘खेळाचे नियम’ हा बोलपट काढिला. एका सरदाराच्या खेड्यांतील वाड्यावर श्रीमंत पाहुणे शिकारीस जमतात. ससे व पक्षी धडाधड पडतात, रात्रीं सोंगांचा तमाशा होतो, मालक आणि नोकर सारख्याच उथळपणें वागतात. आणि शेवटीं एका शूर वैमानिकाचा गैरसमजानें खून होतो. यजमान तो अपघात म्हणून जाहीर करितो आणि पाहुणे आंत निघून जातात. ऑक्टाव्ह नांवाच्या विदूषकी मित्राची भूमिका झाँनें स्वतःच केली होती.

जुलै महिन्यांत पॅरिसमध्यें हा खेळ सुरू झाला आणि प्रेक्षकांनीं शिट्ट्या व आरडाओरड यांनीं नाट्यगृह दणाणून सोडिलें. एका गृहस्थानें तर वर्तमानपत्र पेटवून थिएटरास आग लावण्याचा यत्न केला, असें झाँनें पुढें आठवणींत नमूद केलें आहे. टीकाकारांतहि एकमत नव्हतें. सरदाराचें काम करणारा नट ज्यू व नायिका ऑस्ट्रियन, हाहि कित्येकांच्या रोषाचा विषय झाला. परंतु खरें कारण आमच्या मतें याहून खोल होतें. कोण चांगला व कोण दुष्ट, हें हा बोलपट सांगतच नाहीं. हसावें तों मृत्यु समोर येतो. एकाच दृश्यांत पुढें एक प्रसंग आणि मागें दारापलीकडे दुसरा चाललेला असतो. कोठें पाहावें हें प्रेक्षकानेंच ठरवावयाचें. आम्हीहि तो प्रथम पाहिला तेव्हां अर्धा वेळ कोणाची बाजू घ्यावी हेंच उमजलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. मग युद्ध दाराशीं आलेलें असतां, करमणुकीसाठीं पैसे देऊन बसलेल्या पॅरिसकरांस आपलेंच असें प्रतिबिंब कसें रुचावें?

झाँ हादरून गेला. ज्या ज्या ठिकाणीं लोक ओरडत, ते ते भाग त्यानें आपल्याच हातानें कापून टाकिले. बोलपट सुमारें 85 मिनिटांचा उरला, तरी ओरड थांबली नाहीं. ऑक्टोबरमध्यें सरकारनें, लोकांचें धैर्य खचतें या सबबीवर, त्यावर बंदी घातली. आणि 1942 सालच्या बाँबवर्षावांत मूळ फिल्महि नष्ट झाली. झाँ तेव्हां अमेरिकेंत होता. युद्धानंतर तो ‘नदी’ या चित्रपटासाठीं बंगालमध्यें आला. 1949 सालीं हुगळीच्या परिसरांत चित्रणासाठीं स्थळें शोधीत असतां तरुण सत्यजित राय त्याच्यासमवेत हिंडत असत.

पुढें दोघां फ्रेंच चित्रपटप्रेमींनीं सांपडतील ते तुकडे जमवून हा बोलपट पुनः जुळविला. 1959 सालीं व्हेनिस येथें तो 106 मिनिटांच्या रूपांत दाखविला गेला, तेव्हां झाँ 64 वर्षांचा होता. इंग्लंडांतील ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनीं टीकाकारांचीं मतें घेतें. 1952 पासून 2012 पर्यंतच्या प्रत्येक यादींत पहिल्या दहांत हा बोलपट आला. 2022 सालीं तो तेराव्या क्रमांकावर उतरला.

12 फेब्रुवारी 1979 रोजीं कॅलिफोर्नियांत झाँचा अंत झाला. त्याचा देह फ्रान्समध्यें एसॉय गांवीं आणून वडिलांच्या सन्निध पुरण्यांत आला.