नॉर्बर्ट वीनर यांचा नकार

संगणकाच्या बुद्धीला समाजव्यवहारात कोठवर मुभा द्यावी, हा आजचा वाद नवा नव्हे. तो प्रथम गांभीर्याने मांडणारे नॉर्बर्ट वीनर हे त्याच विद्येच्या जनकांपैकी एक होते. १८९४ साली अमेरिकेत जन्मलेल्या या गणितज्ञाने अठराव्या वर्षीच हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे विमान पुढच्या क्षणी कोठे असेल, याचा अदमास घेऊन तोफ रोखणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी काम केले. स्वतःची चूक हेरून पुढील कृती सुधारणाऱ्या यंत्राची कल्पना त्यातूनच पक्की झाली. १९४८ च्या ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथाने तिला शास्त्राचे रूप दिले.

हिरोशिमानंतर मात्र ते बदलले. क्षेपणास्त्रांच्या कामासाठी त्यांच्या युद्धकालीन निबंधाची प्रत मागण्यात आली. त्यांनी ती नाकारली आणि १९४७ च्या जानेवारीत हा नकार छापून जाहीर केला. क्षेपणास्त्रे त्यामुळे थांबली नाहीत, हे खरे. परंतु आपले ज्ञान कोणाच्या हाती पडते, याचा जाब शास्त्रज्ञाने द्यावयाचा असतो, ही त्यांची भूमिका होती. १९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रूथर यांना पत्र लिहून स्वयंचलित कारखान्यांतून ओढवणाऱ्या बेकारीची पूर्वसूचना दिली. कारखानदारांआधी कामगारांना सावध करणारा शास्त्रज्ञ विरळाच!

१९५५-५६ मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतही त्यांनी काही महिने अध्यापन केले. १९६४ च्या मार्चमध्ये स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या त्यांच्या अखेरच्या पुस्तकात इशारा होता, की यंत्र आज्ञा शब्दशः पाळते. आज्ञेमागील हेतू त्याला उमगत नाही.