७५० पैकी २८२

१९०७ साली भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. शेकडा अडतीसदेखील नव्हेत. मॅट्रिक ही त्या काळी विद्यापीठाच्या प्रवेशाचीच परीक्षा होती. महाविद्यालयाचे दार तीच उघडी. परीक्षेतील क्रमांक पुढील यशाचे भाकीत करतो, अशी आपली आज समजूत आहे. परभणीतला विद्यार्थी सीईटीच्या वा नीटच्या निकालाकडे ज्या धास्तीने पाहतो, तिच्या मुळाशी हीच समजूत आहे. बाबासाहेबांचे चरित्र तिच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे.

त्या २८२ गुणांत मोजले गेले होते तरी काय? परळच्या चाळीतील दाटीचे बिऱ्हाड आणि रात्र सरत आल्यावर, घर निजलेले असताना केलेला अभ्यास. संस्कृतची इच्छा असूनही जातीमुळे ते शिकू दिले गेले नाही, म्हणून पदरी आलेली फारसी. गुणपत्रिकेत या गोष्टींना रकाना नव्हता. तो आजही नाही.

या विद्यार्थ्याची खरी पारख गुणपत्रिकेबाहेर झाली. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्कारसभेत त्यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले आणि पुढे सयाजीराव गायकवाडांची भेट घडवून आणली. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एवढीच ती प्रवेश परीक्षा!

१९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम करून त्यांनी पैसा साठवला. त्यात शाहू महाराजांची मदत पडली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली. त्या ग्रंथाला प्रस्तावना एडविन कॅनन यांची होती.

एका चरित्रावरून नियम बांधू नये, हे अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला सांगावे लागत नाही. बाबासाहेब अपवादात्मक होते, हे कबूल. परंतु अपवाद म्हणून त्यांना बाजूला ठेवताना एक हिशेब चुकतो. प्रवेश परीक्षांची भाकिते खरी ठरतात की नाही, हे आपण ज्यांना प्रवेश मिळाला त्यांच्यावरूनच पाहतो. ज्यांना दारातूनच परत पाठविले, ते आत येऊन काय करते, याची नोंद कोठेच होत नाही. १९०७ साली २८२ गुणांच्या आसपासची आणखीही मुले असतील. त्यांना केळुसकर भेटले नाहीत.

याचा अर्थ परीक्षा नकोत असा नव्हे. हजारो अर्ज आणि मोजक्या जागा असतील, तेथे वशिल्यापेक्षा परीक्षा केव्हाही बरी. बाबासाहेबांचा आक्षेप वेगळा होता. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी १९२४ साली आपले मत मांडले. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ त्यांना अपुरे वाटत होते. विद्यापीठाने शिकवावे आणि संशोधन करावे, असा त्यांचा आग्रह होता.

पुढे संस्था हाती आल्यावर त्यांनी हीच दृष्टी अमलात आणली. १९४६ साली मुंबईत सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरदारांसाठी सकाळचे वर्ग ठेवले गेले. १९५० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांचे दुसरे महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती. तोवर मराठवाड्यातल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. ज्यांना ते परवडत नसे, त्यांचे शिक्षण तेथेच थांबे. आता परभणीच्या मुलाला औरंगाबादपर्यंतच जायचे होते.